पिवळ्या पायांची तलंग

भूगावच्या गावठाणात अजून खुराडी आहेत. पुण्याचा चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंनी इमारती अंगावर येतात. पण मुख्य रस्ता सोडून आत वळलं, की पत्र्याच्या आडोशाला उकिरडा उकरणाऱ्या पाच-दहा कोंबड्या दिसतातच. इमारतींत राहायला आलेली मंडळीही हल्ली या नादाला लागली आहेत. कोणी बंगल्यामागे जाळी मारतं, कोणी गच्चीवर पिंजरा ठेवतं. दोन-तीन महिन्यांची कोवळी कोंबडी घरी येते आणि दोन दिवसांत तिचे फोटो दाखवून विचारणा सुरू होते: ही कुठल्या जातीची?

अशीच एक तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, इथल्या एका परसात सध्या वावरते आहे. अंग तांबूस-करडं, मानेवर काळ्या रेघा, शेपटी काळी आणि एका पंखात दोन-चार पांढरी पिसं. विकणाऱ्याने ‘गिरिराज’ म्हणून दिली. एका शेजाऱ्याने मोबाइलवर चित्रं बघून तिला ‘ऱ्होड आयलंड रेड’ ठरवलं. पलीकडच्या आजींनी लांबूनच निकाल दिला, “जात कसली बघताय, गावरान हाय ती.”

निकाल आजींचाच बरोबर आहे. पण ‘गावरान’ म्हटलं की लोक विषय संपला असं समजतात, आणि माझ्या मते खरी गंमत तिथूनच सुरू होते. या तलंगीला एक अशी जात नाही. मात्र तिचे पाय एका वाटेने आले आहेत, तुरा दुसऱ्या आणि पिसांचा रंग तिसऱ्या. प्रत्येक अवयव आपापली वेगळी वंशावळ सांगतो. त्या वंशावळी कशा वाचायच्या हे कळलं, की जातीचा प्रश्न जरा पोरकटच वाटायला लागतो.

सगळे आधी रंग बघतात, आणि रंग हाच सर्वांत बेभरवशाचा साक्षीदार. अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या अंगावर असते ती लव. तिच्यावर पाठीवरून खारीसारखे गडद पट्टे असतील, तर ते रानटी रंगाचं लक्षण. रानकोंबडीच्या पिल्लांना तेच पट्टे असतात. मग लव जाऊन पहिली पिसं येतात, ती गळून दुसरी येतात. आठव्या आठवड्यात दिसतो तो रंग मोठेपणी तसाच राहील याची हमी नाही. तांबड्या पिसांत काळं शिरतं, काळ्यावर सोनेरी चढतं.

त्यात पांढरा रंग म्हणजे तर बुरखाच. पांढरी शुभ्र लेगहॉर्न पुष्कळदा आतून काळी असते. काळ्या रंगाची सगळी तयारी तिच्या जनुकांत असते, पण दुसरं एक जनुक तो रंग पिसात उतरूच देत नाही. म्हणून लेगहॉर्नचा काळ्या कोंबडीशी संकर केला तर पिल्लं निघतात पांढरी, अंगावर कुठे कुठे काळे शिंतोडे असलेली. बुरखा एकपदरी झाला की खालचं काळं असं डोकावतं. आठवडे बाजारात गुलाबी आणि हिरवी रंगवलेली पिल्लं टोपलीत घालून विकतात, त्यांची कथा याच्याशीच जोडलेली आहे. अंड्यांच्या धंद्यात या पांढऱ्या लेगहॉर्नच्या नराचा उपयोग नसतो. उबवणी केंद्रात पहिल्याच दिवशी नर-मादी वेगळे केले जातात आणि नर पिल्लं मातीमोल भावाने बाहेर पडतात. महिनाभरात रंगवलेली लव झडते आणि घरात उरतो एक पांढरा, किडकिडीत, पहाटे चारला बांग देणारा कोंबडा. सोसायटीतल्या अनेक भांडणांचं मूळ या टोपलीत आहे.

तेव्हा रंग सोडा आणि पाय बघा. तलंग अलगद उचलून काखेत धरा, एक पाय मोकळा करा आणि सावलीतल्या उजेडात नीट पाहा. पंजावरून वर एकावर एक बसवलेले खवले दिसतील. या पायाच्या रंगात दोन थर आहेत. वरच्या कातडीत पिवळा रंग असतो किंवा नसतो. खालच्या कातडीत काळा असतो किंवा नसतो. वर पिवळा आणि खाली काही नाही, तर पाय हळदीसारखा. दोन्ही नाहीत, तर पांढरट-गुलाबी. वर काही नाही पण खाली काळा, तर पाटीसारखा निळसर करडा. आणि वर पिवळा, खाली काळा असं जमलं तर पाय चक्क हिरवट दिसतो, जरी हिरवा रंग त्या पायात कुठेच नसतो. गावरान कोंबड्यांत हे चारही प्रकार एका खुराड्यात सापडतात.

आमच्या या तलंगीचे पाय पिवळेजर्द आहेत. हा पिवळा तिने खाल्लेला आहे: मक्याचे दाणे, हिरवा पाला, गवताची पाती. त्यातली पिवळी रंगद्रव्यं कातडीत साठतात. पांढऱ्या पायांची कोंबडीही हेच खाते, पण तिच्या कातडीतलं एक विकर ती रंगद्रव्यं तोडून बेरंग करून टाकतं. पिवळ्या पायांच्या कोंबडीत या विकराचं जनुक शाबूत असतं, फक्त कातडीपुरतं ते जवळजवळ बंद पडलेलं असतं. आणि हा बिघाड आई आणि बाप अशा दोघांकडूनही यावा लागतो. एकाकडून आला तर पाय पांढरेच राहतात.

आता मूळ प्रश्न. हे बंद पडलेलं जनुक आलं कुठून? जगातल्या सगळ्या पाळीव कोंबड्यांचा पूर्वज एकच, तांबडा रानकोंबडा, असं चार्ल्स डार्विनचं मत होतं. मुख्य धागा पाहिला तर ते खरंच आहे. 2020 साली 863 पक्ष्यांचे संपूर्ण जनुकसंच तपासून केलेल्या अभ्यासाने तो धागा नैर्ऋत्य चीन, म्यानमार आणि उत्तर थायलंड या पट्ट्यातल्या रानकोंबड्यांपर्यंत नेला. पण तांबड्या रानकोंबड्याचे पाय पिवळे नसतात. 2008 साली स्वीडनमधल्या उप्सालाच्या संशोधकांनी पिवळ्या कातडीच्या जनुकाचा तुकडा वाचला तेव्हा तो तांबड्या रानकोंबड्याशी जुळेचना. जुळला तो दुसऱ्याच एका पक्ष्याशी, राखी रानकोंबड्याशी.

हा राखी रानकोंबडा कुठे राहतो? भारतीय द्वीपकल्पात, आणि जगात इतरत्र कुठेही नाही. भूगावातून जाणारा हाच रस्ता पुढे पौड, माले असं करत मुळशी धरणाच्या कडेने ताम्हिणी घाटात उतरतो. तिथल्या झाडीत हा पक्षी आजही आहे. ताम्हिणीला 2013 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. नराच्या मानेवरच्या पिसांना मेणाचे थेंब गोठल्यासारखे फिकट पिवळे ठिपके असतात. त्याची बांग आपल्या कोंबड्यासारखी लांब नसते, तुटक आणि खरखरीत असते. तो लाजाळू आहे. दिसण्याआधी ऐकू येतो आणि दिसला की लगेच झुडपात गडप होतो.

म्हणजे केव्हातरी कोणा शेतकऱ्याची पाळीव कोंबडी रानाच्या कडेला चरत असताना या राखी शेजाऱ्याशी तिची गाठ पडली असणार, आणि ती पडली असणार आपल्याच भागात, भारतात. असा संकर सहज टिकत नाही. दोन वेगळ्या प्रजातींच्या पक्ष्यांची संतती पुष्कळदा पुढे वांझ निघते. पण एखादं पिल्लू वाढलं, ते पुन्हा पाळीव कळपात मिसळलं आणि तो छोटासा जनुकीय तुकडा पिढ्यान्पिढ्या पुढे सरकत राहिला. पुढे माणसांना पिवळे पाय आवडले असतील किंवा ते तब्येतीचं लक्षण वाटलं असेल. लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड, प्लायमाउथ रॉक, दुकानात टांगलेला ब्रॉयलर, या सगळ्यांची कातडी पिवळी. अमेरिकेतल्या कारखानदारी कोंबडीपर्यंत पोचलेला हा वारसा सह्याद्रीच्या रानातल्या पक्ष्याचा आहे. आणि आपण इकडे ‘परदेशी जात आहे का हो?’ असं विचारतो, तेही तिच्या पिवळ्या पायांकडे बोट दाखवून!

पायाबद्दल आणखी एक गोष्ट. हा पिवळा रंग कायमचा नसतो. कोंबडी अंड्यावर आली की खाण्यातला पिवळा रंग बलकात जायला लागतो आणि अंगातला उडत जातो. आधी गुदद्वाराभोवतीची कातडी फिकी पडते, मग डोळ्याभोवतीचं कडं, नंतर कानाची पाळी, चोच आणि सर्वांत शेवटी पाय. चार-पाच महिने सतत अंडी घातलेल्या कोंबडीचे पाय पांढुरके होतात. अंडी थांबली की रंग याच क्रमाने परत येतो. जाणकार माणूस कोंबडी हातात घेऊन तिने अलीकडे किती मेहनत केली ते सांगतो, तो याच्याच जोरावर. म्हणून पायावरून वंश वाचायचा असेल तर तलंगीचा वाचावा. तिने अजून काही खर्च केलेलं नसतं.

तुऱ्याचा इतिहास वेगळाच, आणि तो थेट विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात जातो. आपल्या तलंगीचा तुरा करवतीसारखा एकेरी आहे, अजून फिक्कट, बोटाच्या पेराएवढाही नाही. याच वयाच्या नराचा तुरा एव्हाना लाल आणि मोठा झाला असता. असील या झुंजार जातीचा तुरा बघा: बुटक्या तीन ओळींचा, डोक्याला चिकटलेला. आणखी काही जातींत तो चपटा, खडबडीत आणि मागे टोकदार असतो. 1900 साली मेंडेलचे विस्मृतीत गेलेले नियम पुन्हा उजेडात आले, पण ते होते वाटाण्याच्या झाडांचे. प्राण्यांनाही ते लागू पडतात का? विल्यम बेटसन यांनी 1902 मध्ये होय असं उत्तर दिलं आणि पुराव्यादाखल पुढे केले ते कोंबड्यांचे तुरे. पुढे त्यांनी आणि रेजिनाल्ड पनेट यांनी चपट्या तुऱ्याची कोंबडी आणि बुटक्या तुऱ्याची कोंबडी यांचा संकर केला, तर निघाला तिसराच, अक्रोडासारखा गोळा तुरा. त्या अक्रोडी पिल्लांचा आपसात संकर केल्यावर पुढच्या पिढीत चारही प्रकार आले, त्यात दर सोळांत एक साधा एकेरी. आजी-आजोबांत कोणालाही एकेरी तुरा नसताना! परसात वेगळ्याच तुऱ्याचं पिल्लू निघालं की ‘अंडं बदललं’ म्हणून शेजारणीवर संशय घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

अंगावर काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्या असलेली कोंबडी दिसली तर थांबून बघा. एक पीस हातात घेतलंत तर पट्ट्या टोकापासून बुडापर्यंत एकसारख्या अंतरावर दिसतील. पीस टोकाकडून बुडाकडे वाढतं. वाढत्या पिसाच्या मुळाशी रंग करणाऱ्या पेशी येतात, काळा रंग भरतात आणि या कोंबड्यांत वेळेआधीच थकून संपतात. तेवढा पट्टा पांढरा राहतो. मग नव्या पेशींची खेप येते, पुन्हा काळा.

हे पट्ट्यांचं जनुक लिंग ठरवणाऱ्या झेड गुणसूत्रावर असतं. माणसात दोन सारखी गुणसूत्रं बाईला असतात; पक्ष्यांत उलट आहे. कोंबड्याला दोन झेड, कोंबडीला एकच. त्यामुळे पट्ट्यांच्या कोंबडीला बिनपट्ट्यांच्या काळ्या कोंबड्याकडून पिल्लं झाली, तर तिचे पट्टे मुलांना मिळतात, मुलींना एकीलाही नाही. मुलीला आईकडून झेड मिळतच नाही. तिचा एकुलता झेड बापाचा. वर अशा नर पिल्लांच्या डोक्यावर पहिल्याच दिवशी पांढरा ठिपका असतो. पहिल्या महायुद्धात धान्याची टंचाई असताना, निरुपयोगी नरांना दाणे घालायला नकोत म्हणून अशा रंगखुणांवरून पिल्लं निवडावीत ही कल्पना पनेट यांनीच मांडली. आपल्या परसात हे करून पाहायला ना प्रयोगशाळा लागते ना खर्च. पट्ट्यांची एक कोंबडी आणि एक काळा कोंबडा पुरे.

काही कोंबड्यांची मान बोडकी असते. एका जनुकामुळे पिसं उगवायला अडवणारा एक पदार्थ त्यांच्या कातडीत जास्त बनतो, आणि मानेची कातडी त्याला मुळातच जास्त संवेदनशील असते, म्हणून मानच उघडी पडते. हे जनुक एकाच पालकाकडून आलं असेल तर मानेच्या पुढे खाली पिसांचा एक झुपका उरतो. दोघांकडून आलं असेल तर तोही जातो. दिसायला विचित्र, पण उन्हाळ्यात याच कोंबड्या सुखी असतात. उलट्या पिसांच्या कोंबडीमागे तर काय काय समजुती लागल्या आहेत. कोकणात आणि घाटावर तिला देवस्कीत, उताऱ्यात मागणी. वस्तुतः ज्या प्रथिनांचं पीस बनतं, त्यांतल्या एकाच्या जनुकातली ती चूक आहे. पीस सरळ राहण्याऐवजी बाहेर वळतं, एवढंच. त्या बिचारीच्या माथी करणी मारण्याचं कारण नाही.

मग भूगावच्या खुराड्यात एवढी सरमिसळ आली कशी? पुणे ही देशाच्या कुक्कुट व्यवसायाची राजधानीच म्हणायची. बी. व्ही. राव यांनी 1970च्या दशकात उभ्या केलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीजचा पसारा इथलाच. 1982 साली सुरू झालेल्या अंडी समन्वय समितीचाही. खडकीला पशुसंवर्धन खात्याचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र. खात्याच्या योजनांतून तलंगांचे गट वाटले गेले. ऱ्होड आयलंड रेड आणि ब्लॅक ऑस्ट्रॉलॉर्प आले, मग बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेली गिरिराज आणि हैदराबादची वनराज. मोकळ्या परसात कोंबडा कोणाचं ऐकत नाही. दोन पिढ्यांत सगळ्यांचं रक्त एक होतं.

गिरिराज आणि वनराज यांच्याबद्दल एक गैरसमज घट्ट आहे. या जुन्या जाती नव्हेत, मुद्दाम घडवलेले संकर आहेत. संकराचा जोम असतो तो विकत आणलेल्या त्या एका पिढीत. तिचीच अंडी घरच्या खुडूक कोंबडीखाली रवणाला ठेवली तर पिल्लं निघतील, पण कोणी ठेंगू, कोणी उंच, कोणी भरपूर अंडी घालणारं, कोणी नाही. त्यांना ‘गिरिराज’ म्हणून विकणं म्हणजे गिऱ्हाइकाला गंडवणं आहे. आमच्या तलंगीच्या विक्रेत्याने बहुधा तेच केलं.

तिच्यात गावरान रक्त किती हे पुढे तीच सांगेल. साठ-सत्तर अंड्यांत वर्ष उरकून मधेच खुडूक बसली, अंगाखाली हात घातल्यावर पिसं फुलवून चावायला धावली, तर समजा गावरान जोर धरून आहे. वर्षाला तीनशेच्या वर अंडी देणाऱ्या कोंबड्यांतून हा बसण्याचा स्वभाव माणसाने निवडून निवडून काढून टाकला आहे. त्यांना आपलं अंडं आपलं वाटतच नाही.

देशी पशुपक्ष्यांच्या जातींची अधिकृत नोंद कर्नालची राष्ट्रीय संस्था ठेवते. कोंबड्यांच्या नोंदलेल्या जाती वीसच्या आसपास आहेत. त्यात महाराष्ट्राचं नाव लागतं ते बुसरा या जातीला. तीही नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यातली आणि अर्धी गुजरातची. पुणे जिल्ह्याच्या नावावर एकही जात नाही. 2019च्या पशुगणनेत देशभरात परसातल्या कोंबड्या-बदकांसारखे पक्षी भरले सुमारे 31 कोटी 70 लाख, आणि त्यातल्या बहुतेकांना यादीतलं कुठलंच नाव लागू पडत नाही. म्हणून फॉर्मवर ‘जात’ असा रकाना आला तर आजींचं ऐका आणि बेलाशक ‘गावरान’ लिहा.

सावध राहायचं ते एका नावापुरतं. कडकनाथ ही मध्य प्रदेशातल्या झाबुआची जात. तिच्या मांसाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिचा काळेपणा पिसांपुरता नाही, तो कातडी, मांस आणि हाडांवरच्या आवरणापर्यंत उतरलेला असतो. गुणसूत्राचा एक तुकडा दुप्पट होऊन उलटसुलट जुळल्यामुळे हे होतं, आणि नेमकी हीच उलथापालथ चीनच्या सिल्की, इंडोनेशियाच्या आयाम चेमानी आणि स्वीडनच्या काळ्या कोंबडीतही सापडते. म्हणजे ती घटना एकदाच घडली आणि तिथून जगभर पसरली. पण या नावाला भाव आहे. 2019 साली इस्लामपूर परिसरातून कडकनाथच्या नावाखाली शेकडो शेतकऱ्यांना घातलेला गंडा सगळ्यांना आठवत असेल. काळ्या पिसांची कोंबडी बाजारात पैशाला पासरी मिळते, आणि तिचं ‘अस्सल कडकनाथ’ करायला विक्रेत्याला फक्त तोंड उघडावं लागतं. तुम्ही पैसे काढण्याआधी कोंबडीचं तोंड उघडा. जीभ आणि टाळू गुलाबी असेल तर गावरानाच्या भावात मागा, नाहीतर पुढच्या टोपलीकडे वळा.